मोहर साबूत होती

आमच्या साहेबांनी एकदा स्वतःवरच खटला भरला होता. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग हळूच विचारतो, "म्हणजे डोक्यानं जरा...?" तसं काही नव्हतं. आमच्या अख्ख्या कचेरीत सगळ्यात ठिकाणावर डोकं त्यांचंच होतं, आणि आम्हाला त्रास होता तो त्याचाच.

बुऱ्हाणपूरच्या अबकारी कचेरीमागे सरकारी कोठी होती. परवान्याच्या शेतांतला गांजा पोत्यांतून तिथे यायचा आणि तिथून ठेक्याच्या दुकानांत जायचा. कोठीचा केरकचरा मागच्या भिंतीशी पडे, त्यात बी असे, आणि पावसाळ्यात त्या भिंतीशी छातीएवढी झाडं उभी राहत. वर्षानुवर्षं राहत होती. शेळ्या त्यांना तोंड लावायच्या आणि मग कोपऱ्यात शांत बसून राहायच्या, एवढीच त्याची दखल. साहेब बदलून आले त्या पावसाळ्यात त्यांनी ती झाडं पाहिली, पंच बोलावले आणि रीतसर पंचनामा केला. विनापरवाना लागवड, जागेचा ताबेदार, अबकारी इन्स्पेक्टर, बुऱ्हाणपूर. मग त्या ताबेदाराला नोटीस काढली. ती मी त्यांच्याकडून घेतली आणि त्यांनाच दिली. त्यांनी सही करून स्वीकारली, खुलासा लिहिला, तो असमाधानकारक ठरवला आणि स्वतःला सक्त ताकीद दिली. खुलासा मी वाचला होता. मला तो बरा वाटला होता.

"साहेब, नुसती उपटून टाकली असती तर?" मी विचारलं.

"मास्तर, हेच झाडं एखाद्या केळीवाल्याच्या बांधावर असते, तर आपण काय केलं असतं?"

"पकडलं असतं."

"मग?" एवढं बोलून ते चहाला नाही म्हणाले. चहा ते पीत नसतच, पण कोणी विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

मला ते मास्तर म्हणत, कारण मला शाळामास्तर व्हायचं होतं आणि झालो अबकारी कारकून. माझी आई शेजारणींना सांगायची की मुलगा तहसिलीत आहे. दारू-गांज्याच्या खात्यात मुलगा आहे म्हटल्यावर मुलगी कोण देणार, अशी तिला धास्ती. मी खादी घालत होतो, नशाबंदीच्या सभांना जात होतो आणि महिनाअखेरीला पगार त्याच खात्याचा घेत होतो. साहेबांनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि त्यावरून मला आयुष्यभर चिडवलं.

दिसायला ते उंच, कृश आणि मान थोडी पुढे काढलेली. ऐन मे महिन्यात बंद गळ्याचा काळा कोट. हातात बाराही महिने छत्री, पण ती उघडलेली कोणी पाहिली नव्हती. पाऊस आला की साहेब छत्री काखेत घेऊन आडोशाला उभे राहत. छत्री पिकाच्या ओळी बाजूला सारायला आहे, असं त्यांचं म्हणणं. केळ्याला मीठ आणि मिरपूड लावून खात. बुऱ्हाणपुरात राहून केळ्याला मीठ लावणं हा केळ्यांचा अपमान आहे, असं मी एकदा म्हणालो. तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या गावचं केळं गोड आहे हे मला माहीत आहे रे. रोज रोज काय तेच ऐकायचं त्याच्याकडून."

स्वतः सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसत. पण संध्याकाळी कचेरी सुटली की थेट शनवारा वेशीकडच्या ठेक्याच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसत. दुकान ठेकेदाराचं, स्टूल साहेबांचं. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला ते चेहऱ्यानं ओळखत, आणि ते सगळे त्यांना दरोगाजी म्हणत.

"खोकला काय म्हणून राहिला?"

"कमी आहे दरोगाजी."

"कमी नाही. मी मघापासून ऐकून राहिलो, तू गल्लीच्या टोकाला होता तेव्हापासून. आज अर्धीच पुडी घे. आणि पोराला शाळेत घातलं का?"

घातलं नसेल तर तो माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानात जाई, आणि तिथेही साहेब येऊन बसलेले असत. ठेकेदार वैतागून माझ्याकडे तक्रार करायचा की तुमचे साहेब गिऱ्हाईक तोडून राहिले. एकदा माझ्या तोंडून 'गंजेडी' शब्द गेला तर साहेबांनी मला रस्त्यातच थांबवलं.

"गिऱ्हाईक म्हण. सरकार पिकवून घेते, सरकार साठवते, सरकार विकते. तो फक्त घेते. त्याला शिवी द्यायची तर पहिले आपल्याला द्यावी लागेल."

त्यांची अशी वाक्यं मला झोंबत. कारण नशा वाईट हे मला ठाऊक होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. तापीच्या राजघाटावर फिरायला गेलो की आमचा वाद जुंपे. मी म्हणे, एकदा कायद्यानं बंद करून टाका, विषय संपला. मग ते त्यांच्या आजोबांपासून सुरुवात करत. आजोबाही याच खात्यात, वडीलही याच खात्यात.

"पहिले इंग्रजानं विचारलं, किती पिकते? मग म्हणे परवाना घ्या. सारा निमाड पिकवायला लागला, आमचे आजोबा शेतात उभं राहून नर झाडं उपटवून घेत, म्हणजे मादीला बी धरू नये, माल चांगला व्हावा. मग तिकडं विलायतेत कोणी ओरडलं की हिंदुस्थानातले लोकं यानं पागल होऊन राहिले. बसली एक मोठी कमिटी. तिनं वेड्यांचे दवाखाने पाहिले, साधू पाहिले, डॉक्टर पाहिले. आजोबांनाही विचारलं."

"मग काय निघालं?"

"जाडजूड अहवाल निघाला. म्हणे, थोडं घेणाऱ्याचं फार बिघडत नाही. जास्त घेणाऱ्याचं बिघडते. आणि एकदम बंद केलं तर लोकं याच्याहून खराब काही घेतील. लिहिलं, छापलं आणि कपाटात ठेवून दिलं. आता ज्याला त्याला वाटते की हा विचार आपल्यालाच पहिल्यांदा सुचला."

ज्याला त्याला म्हणजे मला, हे कळत होतं.

शहरात एकदा नशाबंदीची मोठी सभा झाली. अध्यक्षांना काय हुक्की आली कोण जाणे, त्यांनी श्रोत्यांत बसलेल्या अबकारी इन्स्पेक्टरलाच दोन शब्द बोलायला सांगितलं. साहेब छत्री घेऊन उभे राहिले. म्हणाले, "बंद करायचं असेल तर जरूर करा. मी सगळ्यांच्या आधी दुकानाला कुलूप लावतो. फक्त मला एवढं सांगा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माणूस कुठं जाईल? त्याची जागा ठरवा, मग तारीख ठरवा." आणि खाली बसले. टाळ्या पडल्या नाहीत. घरी जाताना मी त्यांच्याशी बोललो नाही, कारण मला त्यांचा राग आला होता. उत्तर सुचत नव्हतं त्याचा तो राग होता, हे मी आता सांगू शकतो.

उत्तर पुढे मिळालं, पण ते फार वाईट तऱ्हेनं. बुऱ्हाणपुराहून रेल्वेनं थोडं गेलं की रावेर लागतं, आणि रावेर म्हणजे मुंबई सरकारचा मुलूख. तिथे नशाबंदी होती. आमच्या बाजूला खात्याचं नाव अबकारी, त्यांच्या बाजूला दारूबंदी. मधे काही केळीच्या बागा. बंदी झाल्यावर तिकडे चोरटा माल सुरू झाला, आणि स्वस्त पडतो म्हणून तो इकडेही येऊ लागला. आमच्या शहराच्या राजपुरा वस्तीतला एक तरणाताठा माग चालवणारा तसा सुटा गांजा घेऊन आला. जोर यावा म्हणून त्यात धोतऱ्याचं बी कुटून घातलेलं. त्यानं अंगावरचे कपडे फाडले, आईला ओळखेना, दवाखान्यात भिंतीवरचे नसलेले किडे वेचत राहिला आणि गेला. साहेब शेवटपर्यंत त्याच्या खाटेशी होते. मयतीलाही गेले. त्याच्या आईनं त्यांना विचारलं, "तुमच्या दुकानातला होता का?" ते नाही म्हणाले, पण त्या 'नाही'नं त्यांना काही बरं वाटलं नाही.

त्यानंतर त्यांनी पुड्यांची रीत सुरू केली. कोठीतच लहान लहान कागदी पुड्या बांधायच्या आणि तोंडाला लाखेची मोहर लावायची. मोहर त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात असे आणि ती दुसऱ्याच्या हातात जात नसे. स्वतः दिव्यावर लाख धरून ठसा उमटवत बसायचे. हाताला चटके बसायचे. आणि दुकानातल्या स्टुलावरून प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच गोष्ट घोकून सांगायचे.

"मोहर पाहून घे. तुटलेली असली तर घेऊ नको. मोहर साबूत आहे तोवर आतल्या मालाची हमी माझी, आणि तोवर तुला कोणी हात लावणार नाही. ही माझी जबान आहे."

लोकांना हे पाठ झालं होतं. पोरं खेळातसुद्धा म्हणायची, मोहर साबूत आहे, हात लावायचा नाही.

त्यांच्या आणखी एका रीतीबद्दल सांगायला हवं. कोठीत उरलेला, जुना झालेला गांजा वर्षातून एकदा जाळावा लागे. आधीच्या इन्स्पेक्टरांच्या काळात हा एक अघोषित सणच होता. तापीच्या वाळूत ढीग पेटला की वाऱ्याच्या खालच्या बाजूला अर्धा गाव येऊन बसायचा. म्हातारे घोंगड्या आणायचे. भजनी मंडळाला त्याच दिवशी नदीकाठी भजन सुचायचं. साहेबांनी हे बंद केलं. छत्रीच्या टोकाला पांढरा रुमाल बांधून ते वाळूत उभे राहत आणि रुमाल ओसाड पात्राकडे फडफडेपर्यंत काडी ओढू देत नसत. एका वर्षी वारा दुपारभर शहराकडेच वाहत होता, तर दुपारभर थांबले. शेवटी तो फिरला म्हणून पेटवला, तर अर्ध्यात वारा पालटून जैनाबादकडे गेला. पलीकडच्या काठावर हां हां म्हणता माणसं जमली. साहेबांनी छत्री हलवून त्यांना हाकललं, तर त्यांनी उलट हात हलवून नमस्कार केला. त्या दिवशी जैनाबादेत फार शांतता होती म्हणतात.

त्या काठावरचे एक आबा आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. एके काळी ते स्वतः परवान्यावर गांजा पिकवत. मग केळी लावली. मोटेवरून पडून त्यांच्या कमरेचा मणका गेला होता आणि संध्याकाळच्या एका चिलमीशिवाय त्यांना जमिनीवरून उठता येत नसे. साहेबांनी वर्षावर्षानं त्यांची पुडी लहान करत आणली होती. आबांना ते कळत होतं आणि ते कळत नसल्यासारखं दाखवत. "दरोगाजी, कागद मोठा झाला का माल लहान?" एवढंच विचारायचे.

नवीन राज्यं झाली तेच ते साल. नागपूर आमच्याकडून मुंबईकडे गेलं, आम्ही नव्या मध्यप्रदेशात भोपाळकडे आलो, इंदूरकडचे लोकही आमच्यात आले. कोण कुणात गेलं याचा शहाण्यांनाही उलगडा होत नव्हता. आमच्या खात्यात तर वेगळीच धांदल. निरनिराळ्या मुलखांतले अधिकारी एका माळेत ओवायचे होते, त्यांची ज्येष्ठता लागायची होती. साहेबांना वरची जागा मिळणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. त्यांच्या पत्नीनं भोपाळला थंडी किती असते याची चौकशीही सुरू केली होती.

आबांनी या सगळ्याचा त्यांच्यापुरता अर्थ लावला होता. आता सगळे मुलूख एक झाले. सरकार एक, तर मोहरही एक. तरी शेवटची पुडी घेताना त्यांनी साहेबांना विचारून घेतलं होतं, मोहर असली तर कोणी हात लावणार नाही ना, आणि साहेबांनी नेहमीचं घोकलेलं उत्तर दिलं होतं.

त्यांची मुलगी रावेरला दिलेली. तिच्या मुलाचं जावळ होतं. आबा रेल्वेनं निघाले. धोतराच्या सोग्यात नातवासाठी चांदीचं कडं आणि पिशवीत एक मोहरबंद पुडी. रावेर स्टेशनवर शिपाई दारूसाठी सामान तपासत होता. त्याचा आबांवर वहीम नव्हता. त्यानं नुसतं विचारलं, बाबा, काही आहे का. आबांनी स्वतःच पुडी काढून त्याच्यापुढे धरली.

"आहे ना भो. सरकारी आहे. मोहर पाहून घ्या, साबूत आहे."

शिपायानं मोहर पाहिली आणि आबांना आत घेतलं. जावळाच्या दिवशी नातवाचे केस निघाले तेव्हा आबा कोठडीत होते. दुसऱ्या दिवशी जावयानं जामीन दिला, पण व्याह्यांनी दारातूनच सांगितलं की निकाल लागेपर्यंत यांनी आमच्या घराची पायरी चढू नये, आणि तुरुंगवास झाला तर मुलीनं माहेराचं नाव काढू नये.

हे सांगायला जावई आमच्या कचेरीत आला. बिचारा अवघडून उभा होता. म्हणाला, "वकील द्यायचा तर आबा ऐकत नही. एकच म्हनतात, दरोगाजीले विचारा, मी त्यायलेच विचारून घेतलं होतं."

साहेब लाख वितळवत होते. त्यांनी दिवा विझवला. मोहर खिशात ठेवली. त्या संध्याकाळी ते दुकानात गेले नाहीत, स्टूल रिकामं राहिलं, आणि लोक मला विचारत होते की साहेब आजारी आहेत का. मी त्यांच्या घरी गेलो तर ओसरीवर बसले होते.

"मास्तर, मी लोकांना सांगितलं, तुला कोणी हात लावणार नाही. कुठपर्यंत, ते नाही सांगितलं. माझ्या डोक्यातच नाही आलं. इतकी वर्षं सरहद्दीवर नोकरी करून राहिलो आणि मलाच सरहद्द दिसली नाही."

"साहेब, आबांनाही समजायला हवं होतं."

"कसं समजेल? केळीच्या बागा त्याच, बोली तीच, सोयरे तिकडचे. त्याच्या लेखी तो एका गावातून दुसऱ्या गावात गेला. मी म्हणतो, तो कायदा विचारायला आला होता रे. कोण येतं कायदा विचारायला? हा आला, आणि मी चुकीचा सांगितला."

त्यांनी साक्षीला जायचं ठरवलं. खंडव्याच्या वरिष्ठांनी बोलावून समजावलं. एका राज्याचा अबकारी अधिकारी दुसऱ्या राज्याच्या कोर्टात आरोपीच्या बाजूनं उभा राहतो, हे वर कसं दिसेल? तेही ज्येष्ठतेची यादी तयार होत असताना? चार महिने थांबा, मग काय ते करा. साहेब म्हणाले, चार महिन्यांनी तो माणूस आत असेल. परवानगी मिळाली नाही. तेव्हा त्यांनी रजेचा अर्ज केला. कारणाच्या जागी लिहिलं, 'स्वतःच्या चुकीची साक्ष देणे.' मी तो अर्ज पाहून म्हटलं, घरगुती काम लिहा ना साहेब, सगळेच लिहितात. ते म्हणाले, "खोटं लिहून खरं बोलायला जाऊ?"

रावेरला माझी मावशी होती, म्हणून मी बरोबर गेलो, असं मी आईला सांगितलं. खरं म्हणजे मला त्यांना एकटं जाऊ द्यायचं नव्हतं.

कोर्ट छोटं होतं. मॅजिस्ट्रेट तरुण, नुकतेच आलेले. आबा पिंजऱ्यात उभे होते, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, कारण त्यांना आधाराशिवाय उभं राहवत नव्हतं. पकडल्यापासून मुलीच्या धास्तीनं त्यांनी चिलमीला हात लावला नव्हता आणि चेहरा दुखण्यानं राखेसारखा झाला होता. साहेबांना पाहिल्यावर त्यांनी हात जोडले आणि शिपायाकडे वळून म्हणाले, "पाह्य, आले का नही?"

साहेबांनी पुडी हातात घेऊन मोहर ओळखली. आपली असल्याचं सांगितलं. माल शुद्ध, परवान्याचा, रीतसर विकलेला. सरकारी वकिलांनी उठून सांगितलं की पलीकडे काहीही असो, इथे हा गुन्हा आहे. मॅजिस्ट्रेटांनी मान हलवली.

"इन्स्पेक्टर, कायदा माहीत नव्हता हा बचाव होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको."

"मान्य आहे साहेब. पण यानं माहीत करून घेतला होता. मला विचारलं होतं. मी म्हणालो, मोहर आहे तोवर तुला कोणी हात लावणार नाही. याच्यासाठी मी म्हणजे सरकार. सरकारनंच चुकीचं सांगितलं. गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यासाठी काही कलम असेल तर ते माझ्यावर लावा. मी आलोच आहे."

"तुम्ही कोणत्या सरकारचे?"

"तेच तर याला कळलं नाही साहेब. मागच्या महिन्यापर्यंत मी नागपूरचा होतो. आता नागपूर तुमच्यात आहे आणि मी नाही. मला तरी नीट कुठं कळून राहिलं."

कोर्टात हशा पिकला. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी आबांना विचारलं की तुम्हाला काही सांगायचं आहे का. आबा म्हणाले, "मी काय सांगू बापा. दरोगाजी खोटं नही बोलत. माह्या पोरीले नांदू द्या, मंग मले कुठी पन ठेवा."

मला त्या क्षणी फार लाज वाटली, कशाची ते सांगता येणार नाही. मी खादीच्या सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

निकाल लगेच झाला. गुन्हा शाबीत. आरोपीचं वय, त्यानं स्वतःहून माल दाखवला ही गोष्ट आणि इन्स्पेक्टरची साक्ष लक्षात घेऊन शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत कैद. मुद्देमाल नष्ट करावा. सरकारी वकिलांनी अपील करणार नसल्याचं तिथेच सांगितलं.

त्या साक्षीचं साहेबांना काय फळ मिळालं तेही सांगून टाकतो. ज्येष्ठतेच्या यादीत ते अनेक कनिष्ठांच्या खाली गेले, आणि निवृत्त झाले तेव्हा इन्स्पेक्टरच होते, एका आडवळणाच्या जंगलपट्टीत. पत्नीला त्यांनी भोपाळ कधी दाखवलं नाही. मी एकदा तिकडे भेटायला गेलो होतो. केळ्याला मीठ लावत म्हणाले, "इथं केळं गोड नाही, तरी सवय जात नाही." पुढे कायदे आणखी बदलले. आमच्या बाजूलाही बंदी आली, दुकानं गेली, सजा वाढत गेल्या. ती कोठी पाडली. पण ज्यांनी ते कायदे केले त्यांच्यातलं कोणी, तो माणूस संध्याकाळी कुठे जातो हे बघायला स्टुलावर बसल्याचं मी ऐकलं नाही. मी साहेबांसारखा झालो नाही. तेवढा कणा माझ्यात नव्हता. पण त्यांच्या हाताखाली नोकरी केली हे मी आजही अभिमानानं सांगतो, आणि माझी आईसुद्धा पुढे शेजारणींना खातं खरं सांगू लागली.

त्या दिवशी कोर्ट उठेपर्यंत आबांना कोपऱ्यातल्या बाकावर बसायचं होतं. साहेब त्यांच्याशेजारी जाऊन बसले. शिपाई म्हणाला, ही आरोपीची जागा आहे. साहेब म्हणाले, माहीत आहे. अबकारीचा दरोगा काळ्या कोटात, छत्री गुडघ्यांत धरून आरोपीच्या बाकावर बसलाय, ही बातमी बाजारात गेली आणि लोक खिडकीतून डोकावू लागले. आबांना बसवेना. अधूनमधून ते विचारत, "कोर्ट कवा उठते?" आणि साहेब म्हणत, "उठेल. कोर्टाला कंबर नसते." दुपार कलली तेव्हा दारात मुलगी येऊन उभी राहिली, कडेवर गुळगुळीत डोक्याचं पोर. तिच्यामागे काही अंतरावर बैलगाडी थांबली होती आणि गाडीशी व्याही उभे होते, इकडे न बघता बैलाची वेसण सारखी करत. गाडीत गादी घातलेली होती.

पाचाच्या सुमारास कोर्ट उठलं. आता मुद्देमालाचं काय, म्हणून कोर्टाचा नाझर चुळबुळ करत होता. साहेब म्हणाले, "मी करतो. आमचं ते नेहमीचं काम आहे. तुम्ही फक्त पाहायला उभे राहा." मॅजिस्ट्रेटांनी मान डोलावली.

आवारात पार बांधलेला एक लिंब होता. त्याच्यापाशी मोकळ्या जागेत साहेबांनी चार काटक्या आणि वाळलेला पाला गोळा केला. मोहर फोडली नाही. पुडी होती तशी वर ठेवली. मग छत्रीच्या टोकाला रुमाल बांधला आणि हात उंच करून उभे राहिले. मला वाटलं नेहमीप्रमाणे मोकळं रान शोधताहेत. रुमाल आधी लोंबकळला, मग हळूहळू लिंबाच्या पाराकडे झुकला. आबा जावयाच्या खांद्यावर हात टाकून गाडीकडे निघाले होते.

"आबा, गाडीत नंतर बसा," साहेब म्हणाले. "पहिले जरा अठी बसा. या पारावर."

आबांनी रुमालाकडे पाहिलं. परवान्यावर गांजा पिकवलेला माणूस तो. त्यांना वारा समजावून सांगावा लागला नाही. ते पारावर टेकले. नाझर काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात मॅजिस्ट्रेट बाहेर आले. त्यांनी जाळाकडे पाहिलं, पाराकडे पाहिलं, मग चष्मा आत राहिला असं म्हणून परत आत गेले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

लाख वितळली, कागद पेटला आणि धूर सरळ पारावर गेला. आबांनी डोळे मिटून घेतले. कठड्याला धरल्यापासून आवळलेले त्यांचे हात मांडीवर सैल पडले. साहेब रीतीप्रमाणे वाऱ्याच्या वरच्या बाजूला छत्री उंच धरून उभे होते, आणि रुमाल कुठे पालटत तर नाही ना, हे पुडीची राख होईपर्यंत बघत राहिले.